थर्मामीटर ‘जास्त’ दाखवतो? बदलायला आणण्याआधी हे वाचा

मे महिना लागला की मुलांच्या हवामान संचातले थर्मामीटर आमच्याकडे परत यायला लागतात. तक्रार एकच: “बातम्यांत ४४ सांगतात, हा ५३ दाखवतो.” तपासलं की थर्मामीटर बहुतेक वेळा ठणठणीत निघतो. तो उन्हात टांगलेला असतो, एवढंच.

उन्हात नळी आणि तिच्यामागची पट्टी स्वतःच तापते, आणि दिसतो तो त्या तापलेल्या नळीचा आकडा. टिनाखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर तर दिवस बुडाल्यावरही तो लवकर उतरत नाही. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. अकोला, चंद्रपूर, नागपूरचे आकडे एकमेकांशी ताडता येतात ते यामुळेच.

घरी उत्तरेची ओसरी उत्तम. मात्र मे-जूनमध्ये आपल्याकडे सकाळ-संध्याकाळी उत्तरेकडूनही तिरपं ऊन येतं, तेवढं पाहा. लेकराच्या छातीच्या उंचीवर, वारा लागेल असा दोरीने टांगा. भिंतीला टेकवू नका, कूलरजवळ नको. मग लेकरालाच थर्मामीटर दहा मिनिटं उन्हात आणि दहा मिनिटं सावलीत धरून दोन्ही आकडे वहीत लिहायला लावा. त्याला समजावत बसावं लागणार नाही.

तरीही शंका असेल तर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात कालवून नळीचा फुगा त्यात दहा मिनिटं बुडवा. आकडा शून्यावर यायला हवा. एक अंशापेक्षा जास्त फरक पडला तर काहीही न विचारता बदलून देऊ. ही चाचणी केल्याशिवाय आम्ही बदलून देत नाही, याचा काहींना राग येतो. पण नवा नगही त्याच भिंतीवर गेला तर तुमची चक्कर पुन्हा वाया जाते. आणि नळीत पाऱ्याऐवजी असलेला लाल द्रव ‘कमी दर्जाचा’ नाही. पारा विषारी असतो, लेकरांच्या हातून काच फुटू शकते, म्हणून आम्ही पाऱ्याची नळी ठेवतच नाही.

पावसाळ्यात पर्जन्यमापक वळचणीखाली किंवा झाडाखाली नको, उघड्या अंगणात ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, खात्याची वेळही तीच. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. वावराचा हिशोब मुलं यावरून स्वतः करतात. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) एका दिवसात पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, हे घरात रोज कानावर पडतं. नळीत पाणी तिथवर चढलेलं पाहिलं की त्यांना ते नेमकं कळतं. नळी फुटली तर दुसरी कुठलीही लावू नका, फनेलच्या मापाची सुटी नळी आमच्याकडे मिळते. वीज कडाडत असताना मोजायला लेकराला बाहेर पाठवू नका. पाणी कुठं जात नाही.

झडपांची पांढरी पेटी आम्ही गावातल्याच सुताराकडून करून घेतो. शाळेसाठी हवी असेल तर गुरुजींनी जागा दाखवावी, खांबासह बसवून देतो.