पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे रक्ताचा कर्करोग?
‘पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर गेल्या की रक्ताचा कर्करोग समजावा, आकडा नेहमीचा असेल तर निर्धास्त राहावे,’ असा संदेश कोल्हापुरातल्या कौटुंबिक गटांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

प्रौढांमध्ये या पेशी एका मायक्रोलिटरमागे साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि जंतुसंसर्गानेही वाढतात. उलट तीव्र ल्युकेमियात, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, त्या नेहमीइतक्या किंवा कमीही आढळू शकतात. म्हणून पेशी किती यापेक्षा कोणत्या, हे पाहावे लागते. काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात अपरिपक्व ‘ब्लास्ट’ पेशी दिसल्यास अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी तयार करणारा हाडांतला मगज, तपासतात. तेथे त्या २० टक्के किंवा अधिक असणे हा निदानाचा प्रचलित निकष आहे, मात्र काही विशिष्ट जनुकीय बदल सापडल्यास त्याहून कमी प्रमाणही पुरते. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या व पेशींतल्या प्रथिनांच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीत, सीडी१९ ही खूण बहुधा बी-लिम्फॉइड (बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कुळातला), तर मायलोपेरॉक्सिडेज हे विकर मायलॉइड (इतर बहुतेक रक्तपेशींच्या कुळातला) प्रकार सुचवते. आजाराच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज मुख्यतः गुणसूत्रांवरून येतो: १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांत अदलाबदल असलेल्या प्रकारात, सुरुवातीचा रक्तस्रावाचा धोका टळल्यास, बरे होण्याची शक्यता पुष्कळच चांगली असते.

स्वतःच्या अहवालात एकूण आकड्याखालची पेशींची विभागणी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि काचपट्टीवरचा शेरा वाचावा. तेथे ‘ब्लास्ट’ हा शब्द असल्यास त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञांना गाठावे.