डिजिटल लिंगदरी (ग्रामीण महाराष्ट्र)

ग्रामीण भागात पुरुषांच्या मानाने स्त्रियांना इंटरनेट कमी मिळणे, आणि मिळाले तरी ते स्वतःच्या मर्जीने वापरता न येणे, या विषमतेला डिजिटल लिंगदरी म्हणतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ग्रामीण भारतातील २४.६ टक्के स्त्रियांनी आणि ४८.७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. शहर-खेडे मिळून महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ३८ आणि ६१.५ टक्के होते; शेजारच्या गोव्यात ७३.७ आणि ८२.९. प्रश्न ‘कधी तरी वापरले का’ एवढाच असल्याने सासरहून माहेरी एकदाच व्हिडिओ कॉल लावलेली बाईही त्यात मोजली जाते. रोजच्या वापराचे चित्र या आकड्यांवरून कळत नाही.

टॉवर आणि रेंज यांवर या विषयात बरेच बोलले जाते. पण मेळघाटातल्या किंवा धडगावच्या पाड्यावर रेंज नसते तेव्हा ती कुणालाच नसते. दरी पडते ती रेंज आल्यावर. नवा फोन कर्त्या पुरुषाला किंवा कॉलेजातल्या मुलाला मिळतो, काच तडकलेला जुना फोन बाईकडे येतो. रिचार्ज कधी मारायचा हेही बहुधा दुसराच ठरवतो. दिवसभर फोन शेतावर किंवा एसटी स्टँडवर फिरतो आणि रात्री भांडी घासून झाल्यावर, तोही मुलांच्या हातून सुटला तर, तिला मिळतो. मुलींच्या बाबतीत ‘बिघडेल’ ही भीती वेगळी. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील सूरज गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींना मोबाइलबंदी करून २१०० रुपये दंड ठेवला होता. आपल्याकडे असा ठराव सहसा लागत नाही, घरातला धाक पुरतो. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे.

सरकारी कारभार मात्र ‘एक माणूस, एक नंबर’ असे गृहीत धरून चालतो. अंगणवाडी सेविकांना बालकांच्या पोषणाच्या नोंदी ठेवणाऱ्या पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी सक्तीच्या झाल्या तेव्हा ॲप इंग्रजीत आणि दिलेले फोन सारखे अडकणारे होते. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन परत करून आंदोलन केले. इंटरनेट हाती देऊनही ते उपयोगी पडेलच असे नाही, हे यातून दिसले.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. दरमहा १५०० रुपये बाईच्या खात्यावर येत असले तरी तिच्या आधारसोबत पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी हवी होती आणि त्या पडताळणीचा ओटीपी त्यांच्या नंबरवर जाई. म्हणजे बाई सेवा केंद्रात, नवरा ऊसतोडीला, आणि त्याने फोन उचलून आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या स्त्रियांसाठी नंतर सवलत निघाली : मृत्यू दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे कागदावरच जमा करायची.