कोळ्याचे रेशीम

कोळ्याच्या पोटातील ग्रंथींत तयार होणारा प्रथिनांचा धागा. एकच कोळी वेगवेगळ्या ग्रंथींतून वेगवेगळे धागे काढतो. बळकटीसाठी गाजलेला धागा जाळ्याच्या आऱ्यांचा. खाली उतरताना कोळी लोंबकळतो तोही हाच.

हा धागा मुख्यतः स्पिड्रॉइन नावाच्या प्रथिनांचा असतो. त्यांच्या लांबलचक साखळीत दोन प्रकारचे तुकडे आलटूनपालटून येतात. ॲलनीन या अमिनो आम्लाचे सलग तुकडे शेजारच्या साखळ्यांतील तशाच तुकड्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि त्यांचे घट्ट थर, म्हणजे बीटा-स्फटिक, बनतात. ग्लायसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असलेले तुकडे मात्र सैल, गुंतलेले राहतात. ताण पडला की आधी हे सैल भाग उलगडतात व ऊर्जा शोषतात. स्फटिक साखळ्यांना निसटू देत नाहीत.

गंमत अशी, की हायड्रोजन बंध सुटा घेतला तर अगदीच दुबळा. पण स्फटिक अवघ्या काही नॅनोमीटरचे असल्याने त्यातले बरेच बंध एकदम भार उचलतात. स्फटिक मोठा असता तर ते एकामागून एक तुटत गेले असते, असे अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2010 मध्ये संगणकीय प्रतिरूपांवरून दाखवले.

‘पोलादाहून बळकट’ हे नेहमीचे वर्णन जपूनच घ्यावे. युरोपातील बागकोळ्याच्या धाग्याचे ताणबल, म्हणजे तुटेपर्यंत पेलता येणारा ताण, सुमारे 1.1 गिगापास्कल भरते, उत्तम पोलादाचे 1.5. पोलाद मात्र सहापट जड असते, म्हणून वजनाच्या हिशेबात धागा पुढे जातो. त्याची खरी करामत चिवटपणात आहे: तुटण्यापूर्वी तो पाव हिश्श्याहून अधिक ताणला जातो आणि केव्हलार या गोळीरोधक जाकिटांत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या सुमारे तिप्पट ऊर्जा पचवतो. मादागास्करमधील डार्विनचा सालकोळी याहूनही सरस. नदीच्या पात्रावर आरपार जाळे टाकणाऱ्या या कोळ्याची जाती म्हणून नोंद झाली ती थेट 2010 मध्ये.

ग्रंथीत प्रथिने दाट द्रावाच्या रूपात असतात. निमुळत्या नलिकेतून जाताना आम्लता वाढते, पाणी निघून जाते, साखळ्यांची टोके जोडली जातात. शेवटची ओढ कोळी स्वतःच्या वजनाने किंवा मागच्या पायाने देतो आणि त्या ओढीने साखळ्या एका दिशेत येतात. जिवाणू, यीस्ट, अगदी जनुक घातलेल्या शेळ्यांचे दूध यांपासून स्पिड्रॉइन मिळवता आले आहे. अडते ते कताईपाशी: पुष्कळदा प्रथिन आखूड पडते, आणि नलिकेतला हा क्रम यंत्रात जसाच्या तसा उतरवणे अवघड जाते.