जमीन-वापर व सार्वजनिक मालमत्तेची खुली माहिती (बेळगाव सीमाभाग)

शहरातली आणि शहरालगतची जमीन कोणाची, तिच्यावर काय करण्यास मुभा आहे आणि तिच्यातला कोणता तुकडा सगळ्यांचा आहे, हे सांगणारी सरकारी दप्तरे कोणालाही पाहता, उतरवून घेता, एकमेकांशी ताडता आणि पुन्हा वापरता येतील अशी मोकळी ठेवणे म्हणजे जमीन-वापराची खुली माहिती. हक्काची नोंद (उतारा, प्रॉपर्टी कार्ड, खाता म्हणजे घरपट्टीच्या वहीतली नोंद), वापराची नोंद (आराखड्यातला झोन, बिगरशेती आदेश, लेआउटची मंजुरी) आणि सार्वजनिक मालमत्तेची नोंद (गायरान, तळी, नाले, रस्ते, बागा) अशा तीन नोंदी तिच्यात येतात. बेळगावात पहिली बऱ्यापैकी हाताशी आहे, दुसरी कष्टाने मिळते आणि तिसरी मिळवायची तर पाच-सहा कचेऱ्यांतून तुकड्या-तुकड्याने गोळा करावी लागते. गावाची जमीन ज्या वाटेने हातची जाते ती वाट नेमकी या तिसऱ्या नोंदीतून जाते. म्हणून इथे तिच्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

दप्तरांचा वारसा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात घातला गेला. त्याआधी तो मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथली मोजणी मुंबई इलाख्याच्या रीतीची आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घालून दिलेल्या, १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्क्या झालेल्या पद्धतीने शिवारांचे सर्व्हे नंबर पडले. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. कर्नाटकाच्या संगणकी उताऱ्यावर आजही क्षेत्र एकर-गुंठा-आण्यांतच छापून येते. आकारबंद (गावातील सर्व्हे नंबरांच्या क्षेत्राची व आकारणीची नोंद), टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), पोटहिस्सा हे शब्दही टिकले, काहींनी कन्नड रूप घेतले एवढेच. कचेरीतल्या पाटीवर पदनाम काहीही असो, गावात आजही ‘तलाठ्याकडे जाऊन येतो’ असेच म्हणतात.

सगळे दप्तर मात्र एका मुशीतले नाही. शहापूर हे आज बेळगावचे एक उपनगर वाटते, पण संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होते. रायबागकडचा भाग कोल्हापूर संस्थानाचा. बिदर-भालकीच्या सीमाभागातील दप्तर निजामी राजवटीचे, तर कारवार-हल्याळ पुन्हा मुंबई इलाख्याचे. शहराच्या जुन्या वस्तीत सिटी सर्व्हे झाला आणि घरांना सीटीएस नंबर व प्रॉपर्टी कार्ड मिळाले. त्याच्या पलीकडच्या जमिनी आर. एस. म्हणजे फेरसर्व्हे नंबराने ओळखल्या जातात. एका गल्लीत सीटीएस, पुढच्या गल्लीत आर. एस. आणि त्यापुढे महापालिकेचा मालमत्ता क्रमांक, अशी स्थिती असल्याने तीन नंबर एकाच जागेचे आहेत हे सिद्ध करण्यातच माणसाचे महिने जातात.

भूमी, दिशांक आणि उतारा

कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात १७७ तालुक्यांतील सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आणले. ६७ लाख खातेदारांची नावे त्यात होती. हस्तलिखित उतारा बंद झाला आणि जो कागद पूर्वी एका दप्तरदाराच्या मर्जीवर मिळे तो खिडकीवर पैसे भरून मिळू लागला. हे मोठे काम होते आणि त्याचे श्रेय राज्याला दिले पाहिजे. पुढे नोंदणी कचेऱ्यांसाठी ‘कावेरी’, मोजणीसाठी ‘मोजिणी’, ग्रामपंचायत हद्दीतील मालमत्तांसाठी ‘ई-स्वत्तु’, शहरी खात्यांसाठी ‘ई-आस्ती’ अशा प्रणाली आल्या. ‘दिशांक’ या ॲपमध्ये आपण उभे आहोत तिथला सर्व्हे नंबर मोबाइलवर दिसतो. हद्दीच्या वादात तो पुरावा म्हणून चालत नाही, पण बांधावर उभे राहून पाहायला त्याच्यासारखे साधन नाही.

तरीही याला खुली माहिती म्हणता येत नाही. तालुका, होबळी (तालुक्यातील गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा अशी निवड करून एका वेळी एकच उतारा दिसतो. एखाद्या शिवारातले सगळे उतारे तक्त्यासारखे एकत्र मिळत नाहीत. स्वतःचा उतारा पाहायला ही सोय पुरते. आपल्या गावाचे गायरान १९६४ च्या महसूल कायद्याच्या वेळी किती होते आणि आज किती उरले, हा प्रश्न तिला विचारता येत नाही.

‘ब’ खराब

कर्नाटकाचा उतारा वाचताना बहुतेकजण नवव्या रकान्यातले मालकाचे नाव आणि अकराव्यातला बोजा पाहून थांबतात. क्षेत्राच्या रकान्यात एक छोटीशी नोंद असते, तिच्याकडे लक्ष जात नाही. तिथे एकूण क्षेत्रातून खराबा वजा केलेला असतो आणि त्याचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन भाग असतात. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीस निरुपयोगी पण धारकाच्याच ताब्यातली जागा: खडक, बांध, घराखालची जमीन. ‘ब’ खराब म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा: नाला, पाणंद, रस्ता, तळे, स्मशान. ती खासगी सर्व्हे नंबराच्या पोटात असते, पण खासगी नसते.

समजा वडगाव शिवारातल्या एका सर्व्हे नंबरात ‘ब’ खराब ०-०४, म्हणजे चार गुंठे आहे. हे ४,३५६ चौरस फूट होतात. नाल्याचा तेवढा काठ गावाचा. जमीन विकली गेली, बिगरशेती झाली, प्लॉट पडले की नकाशावर तो नाला बारीक गटाराच्या रेषेइतका होतो किंवा शेवटच्या ओळीतल्या प्लॉटांत मिसळून जातो. एका सर्व्हे नंबरात चार गुंठ्यांचे काही वाटत नाही. पण नाला दहा सर्व्हे नंबरांतून वाहतो. बळ्ळारी नाल्याच्या काठची शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातली भातशेती पावसाळ्यात पाण्याखाली जाते तेव्हा शेतकरी नाल्याची मूळ रुंदी मागतात. ती रुंदी एका नकाशावर आखलेली मिळत नाही, ती शेकडो उताऱ्यांच्या ‘ब’ खराबात विखुरलेली असते. बेळगाव बासमतीचा सुवास ज्या मातीत होता तिथे ही नोंद वेळेवर जोडून वाचली गेली असती तर किती पीक वाचले असते, हा प्रश्न कोणाही जाणत्या शेतकऱ्याला सुटलेला नाही.

झोन आणि आराखडा

उतारा मालकी सांगतो, झोन सांगत नाही. त्यासाठी नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ खाली केलेला बृहत् आराखडा पाहावा लागतो. हे काम १९८७ च्या कायद्याखालील बेळगाव नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘बुडा’, करते. नकाशात रहिवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक-निमसार्वजनिक लाल, बागा व मोकळ्या जागा हिरव्या. ‘जमीन यलोत आली’ या तीन शब्दांनी शिवारातला भाव रातोरात बदलतो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती घेण्यास ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत शेतकऱ्याने काय करायचे? नकाशा चित्ररूपात किंवा पीडीएफमध्ये, मोठा केला की सर्व्हे नंबर पुसट, मजकूर बहुधा इंग्रजीत. आपल्या बांधावरून प्रस्तावित रस्ता जातो हे त्याला कळते ते मोजणीदार दांडे रोवायला येतात तेव्हा. हलगा-मच्छे बायपासच्या सुपीक पट्ट्यातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला. असा लढा कोणत्या टप्प्यावर उभा राहतो हे माहिती कधी हाती पडते यावर ठरते. आराखडा सर्व्हे नंबरवार तक्त्यात, हद्दींच्या संगणकी थरासह मिळाला तर प्रत्येकाला आपली ओळ शोधता येईल. हे तंत्राने अवघड नाही. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडले गेले, आणि अशा शहरांनी आपली माहिती खुली करावी हे त्या योजनेच्या धोरणातच होते.

मंजुरीविना पडलेले प्लॉट हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. शहराच्या कडेने मोठी वस्ती ‘बाँडवर’ घेतलेल्या जागांवर उभी आहे. स्टॅम्प पेपरवर करार, ताबा, घर, पण उताऱ्यावर नाव जुन्याच शेतकऱ्याचे. राज्याच्या जमीन सुधारणा कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली आणि कडेच्या गावांवरचा दाब वाढला. २०२५ पासून राज्यातील शहरांत अनधिकृत मालमत्तांना ‘बी खाता’ देणे सुरू झाले. त्याने घरपट्टीच्या वहीत नाव येते, पण घर कोणत्या झोनमध्ये आहे हे बदलत नाही. कष्टकरी कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालण्याआधी मंजूर लेआउटांची यादी, सर्व्हे नंबर व प्लॉट क्रमांकासह, दारातच वाचायला मिळाली पाहिजे.

सगळ्यांची जागा

गायरानाच्या उताऱ्यात मालकाच्या रकान्यात ‘सरकार’ असते. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करण्यास सर्व राज्यांना सांगितले. पण अतिक्रमण सिद्ध करायला आधी मूळ क्षेत्र ठाऊक असावे लागते.

शहरी हद्दीत याचीच बहीण म्हणजे ‘सीए साइट’, नागरी सुविधांसाठी लेआउटमध्ये सोडलेली जागा. प्लॉट घेताना लोकांना नकाशात बाग, शाळा, दवाखाना दाखवला जातो. दहा वर्षांनी ती जागा कोणाला भाडेपट्ट्याने दिली, किती मुदतीने, कोणत्या अटीवर, हे त्याच कॉलनीतल्या रहिवाशांना माहीत नसते. महापालिकेचे ५८ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागाची अशी एक यादी, जागेचा क्रमांक, क्षेत्र, मूळ हेतू आणि सध्याचा वापर एवढ्याच रकान्यांची, प्रसिद्ध झाली तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

कॅम्प भाग वेगळा. तिथे छावणी मंडळ आहे, जमीन संरक्षण खात्याची, आणि नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे जीएलआरमध्ये. ‘ओल्ड ग्रँट’च्या बंगल्यांत जमीन सरकारची आणि बांधकाम धारकाचे, अशी विभागणी आहे. भूमीचा उतारा इथे उपयोगाचा नाही.

भाषा आणि लिपी

भूमीचा उतारा कन्नडमध्ये निघतो. १९५६ पूर्वीचे अनेक फेरफार मराठीत आहेत, त्याहून जुने मोडीत. एकाच जमिनीचा इतिहास तीन लिप्यांत असताना आजोबा मोडीत, वडील बाळबोधीत आणि नातू कन्नडमध्ये नोंदला जातो. नावे उतरवताना ‘ज्योतिबा’चा ‘जोतिबा’ होतो, आडनाव एका हिश्श्यात येते, दुसऱ्यात गळते. उतारा आधारशी जोडायची वेळ आली की तीच दोन नावे दोन माणसे ठरतात आणि वारस तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. जुने दप्तर स्कॅन करण्याचे काम राज्यात सुरू आहे. मोडी कागदाचे चित्र काढले तरी त्यात काय आहे हे मराठीत व कन्नडमध्ये लिहून सूची केल्याखेरीज तो कागद सापडणार नाही.

भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांहून अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्राचे धोरण १९५० च्या दशकापासून सांगत आले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी हे तालुके ती अट सहज पुरी करतात. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे आणि त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. कोणत्याही राज्यात असला तरी शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा कागद वाचता आला पाहिजे. कन्नडशेजारी मराठी छापल्याने कन्नडचे काही कमी होत नाही, आणि शेजारच्या कन्नड शेतकऱ्यालाही इंग्रजी आराखडा तितकाच परका आहे.

कायद्याचा आधार

केंद्राचे माहिती-वाटपाचे धोरण २०१२ चे, खुल्या माहितीचा परवाना २०१७ चा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार कचेऱ्यांनी मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करायची आहे. वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकारातील खासगी माहितीचे कलम अधिक कडक केले. खातेदाराचा मोबाइल, आधार क्रमांक झाकला जावा हे योग्यच. पण गायरान, नाला आणि सीए साइट यांना खातेदार नाही, तेव्हा त्यांच्या नोंदीत झाकण्यासारखे नावही नाही.

तोवर अर्जाचा मार्ग उरतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून ‘गावातील सर्व सार्वजनिक जमिनी’ असे न मागता एका शिवाराच्या आकारबंदाची आणि ‘ब’ खराब दाखवणाऱ्या नकाशाची प्रत मागावी. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा, असे कलम ६ सांगते. मराठी त्यात बसत नाही. मात्र राज्यघटनेच्या कलम ३५० ने गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच कलम ६ मध्ये लिहू न शकणाऱ्याची तोंडी मागणी लेखी उतरवून देण्याचे काम माहिती अधिकाऱ्यावर सोपवले आहे. खानापूरहून पहिल्या एस.टी.ने आलेल्या म्हाताऱ्याला ‘वकिलाकडून लिहून आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही.