ऑर्टिजिया म्हणजे डेलॉस की सिराक्यूज?

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्याचं तिसरं पुस्तक नकाशा शेजारी ठेवून वाचलं की एका नावापाशी हमखास गोंधळ उडतो. १२४व्या ओळीत ट्रॉयहून निघालेला नायक इनीअस आणि त्याचे साथीदार ऑर्टिजियाचं बंदर सोडून क्रीटकडे निघतात. पुढे ६९४व्या ओळीत ऑर्टिजिया पुन्हा येतं, पण तोवर जहाजं पार सिसिलीच्या किनाऱ्याला लागलेली असतात. कवी चुकलेला नाही. या नावाची बेटं मुळात दोन आहेत.

पहिलं म्हणजे डेलॉस. एजियन समुद्रात मिकोनॉसच्या शेजारचं हे खडकाळ बेट साडेतीन चौरस किलोमीटरही भरत नाही. अपोलो या ग्रीक देवाचा जन्म इथला, म्हणून आकाराच्या मानाने त्याचा मान फार मोठा. ‘ऑर्टिक्स’ म्हणजे लावा पक्षी. झ्यूसपासून पळताना अपोलोची आई लेटो हिची बहीण अ‍ॅस्टेरिया लावा झाली, समुद्रात पडली आणि तिचंच बेट बनलं, अशी कथा आहे. ग्रीक कवी कॅलिमाकस अपोलोच्या स्तोत्रात गोल तळ्याकाठचं ऑर्टिजिया म्हणतो, ते हेच.

दुसरं ऑर्टिजिया सिराक्यूजचं. सिसिलीच्या किनाऱ्याला इतकं लगटून की ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या काळात त्याला चहूबाजूंनी पाणीही उरलं नव्हतं. कॉरिंथच्या आर्कियसने तिथल्या सिसेल लोकांना हुसकावून शहराची सुरुवात केली ती याच बेटावर. परंपरेने ते साल इ.स.पू. ७३३च्या आसपासचं धरतात. इथला मुख्य पुरावा म्हणजे अरेथुसाचा झरा. ऑलिंपियाजवळून वाहणारी अल्फिअस नदी ग्रीकांच्या लेखी पुरुष. तो अरेथुसा या अप्सरेच्या मागे लागला, समुद्राखालून वाहत आला आणि इथे तिच्या पाण्यात मिसळला. सिसेरोने या झऱ्याचं केलेलं वर्णन मला फार आवडतं. गोड्या पाण्याचा, माशांनी गच्च भरलेला झरा, आणि मध्ये दगडी बांध नसता तर लाटांनी तो केव्हाच गिळला असता. झरा आजही आहे, त्यात पपायरस वाढतो.

ओळखायचं कसं, तर शेजारची नावं बघायची. लेटो, अपोलोचा कौल किंवा डेलॉसवरचा किंथस डोंगर दिसला की डेलॉस; अल्फिअस, अरेथुसा किंवा बेटासमोरचं प्लेमिरियम हे भूशिर दिसलं की सिराक्यूज. अपोलोची जुळी बहीण आर्टेमिस हिच्या भरवशावर मात्र राहू नये, कारण तिच्यावर दोन्ही बेटांचा हक्क. ग्रीक कवी पिंडार पहिल्या नेमियन गीतात सिराक्यूजच्या ऑर्टिजियाला आर्टेमिसची शेज म्हणतो आणि लगेच डेलॉसची बहीण म्हणतो. दोन जागा वेगळ्या आहेत आणि नातं जवळचं आहे, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला ठाऊक नाही. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये अरेथुसा स्वतःच सांगते की ऑर्टिजिया तिला प्रिय आहे, कारण ते तिच्या देवीचं, म्हणजे आर्टेमिसचं, नाव धारण करतं. त्याच काव्याच्या पंधराव्या पुस्तकात पूर्वी तरंगणारं आणि आता स्थिर झालेलं ऑर्टिजिया येतं, ते मात्र डेलॉस.

होमरपाशी ही युक्ती चालत नाही. ‘ओडिसी’त आर्टेमिस शिकारी ओरायनला ऑर्टिजियात मारते, आणि ओडिसिअसचा डुक्करपाळ युमिअस याचं जन्मबेट ऑर्टिजियाच्या पलीकडे, सूर्य वळतो तिथे असल्याचं येतं. ते कुठलं, यावर प्राचीन काळापासून वाद आहे आणि ओढूनताणून नकाशावर बसवू नये असंच मला वाटतं. अपोलोच्या होमरी स्तोत्रात तर लेटो आर्टेमिसला ऑर्टिजियात जन्म देते आणि अपोलोला डेलॉसवर, म्हणजे तिथे ही दोन स्थळं सरळसरळ वेगळी. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो की डेलॉससमोरच्या रेनिया बेटाचं जुनं नाव ऑर्टिजिया होतं. स्तोत्रातली ओळ त्याने उलगडते.

आशिया मायनरमधल्या एफिसस शहराच्या लोकांचा दावा तिसराच. इ.स. २२मध्ये त्यांनी रोमच्या सिनेटपुढे सांगितलं की अपोलो आणि आर्टेमिस ही जुळी भावंडं डेलॉसवर जन्मलीच नाहीत, ती आमच्याकडे ऑर्टिजियात जन्मली. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे नोंदवलं आहे, आणि तिथलं ऑर्टिजिया बेट नसून झाडांची राई आहे.