फाटलेल्या धमनीपासून डीबीएसपर्यंत : कंपवातावरील शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

औषधे थकली की शस्त्रक्रिया, हा आजचा क्रम पाहून कंपवातावरील (पार्किन्सन आजारावरील) मेंदूची शस्त्रक्रिया अलीकडची असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती लेव्होडोपा या मुख्य औषधाहूनही जुनी आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील शल्यविशारद आयर्व्हिंग कूपर एका रुग्णाच्या मेंदूतील चेतामार्ग छेदण्याच्या तयारीत असताना एक बारीक धमनी फाटली. रक्तस्राव थांबवण्यासाठी ती बंद करून त्यांनी शस्त्रक्रिया अर्धवट सोडली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याचा कंप आणि स्नायूंचा ताठरपणा नाहीसा झालेला होता, आणि अर्धांगवायूही झालेला नव्हता. या अपघाताचे पुढे तंत्रच झाले. त्याआधी, १९४७ मध्ये, अमेरिकेतील डॉक्टर स्पीगल आणि वायसिस यांनी डोक्याला चौकट बसवून मेंदूतील नेमका बिंदू गाठण्याची पद्धत माणसावर वापरली होती; तिच्या आधारे ग्लोबस पॅलिडस किंवा थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या केंद्रांमधील लहानसा भाग कायमचा नष्ट केला जाऊ लागला.

१९६७ मध्ये डॉक्टर जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखवून दिला आणि या शस्त्रक्रिया जवळजवळ थांबल्या. मात्र काही वर्षांच्या सेवनानंतर औषधाचा अंमल मध्येच ओसरू लागला, शरीराच्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या, आणि शल्यविशारदांकडे पुन्हा पाहावे लागले.

१९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद थॅलॅमसचा भाग नष्ट करण्यापूर्वी, जागा बरोबर आहे ना हे पडताळण्यासाठी, तेथे विद्युतप्रवाह देत होते. प्रवाहाची वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास गेली की कंप थांबतो, असे त्यांना आढळले. मग ऊती जाळायचीच कशाला? इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह पोहोचवणारी बारीक तार, कायमचा आत ठेवून छातीच्या त्वचेखालील यंत्राने प्रवाह देण्याची ही पद्धत म्हणजेच डीप ब्रेन स्टिम्युलेशन, अर्थात डीबीएस. १९९० मध्ये मेंदूसंशोधक माहलॉन डीलाँग व सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून सबथॅलॅमिक न्यूक्लियस या थॅलॅमसखालच्या छोट्या केंद्राचे महत्त्व दाखवले, आणि १९९३ मध्ये बेनाबिद यांच्या गटाने रुग्णाच्या त्या भागात इलेक्ट्रोड बसवला. अमेरिकेत कंपासाठी १९९७ मध्ये, तर कंपवाताच्या इतर लक्षणांसाठी २००२ मध्ये डीबीएसला मान्यता मिळाली.

जाळलेली ऊती परत येत नाही. प्रवाह मात्र कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो. तरीही यामुळे आजार बरा होत नाही. कंप वगळता, जी लक्षणे लेव्होडोपाने सुधारत नाहीत ती डीबीएसनेही सहसा सुधारत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडताना आधी त्याच औषधाची मात्रा देऊन हालचालींत किती फरक पडतो हे मोजले जाते.