खेळणं आईच्या हातात द्यायचं

तीन-चार महिन्यांचं बाळ आईकडे बघून 'अं... गूं' करतं. आई त्याच सुरात उत्तर देते, जराशी थांबते, आणि बाळ पुन्हा काहीतरी म्हणतं. या लाडिक गप्पांमध्ये मेंदूची मोठी घडण चाललेली असते. पहिल्या काही वर्षांत बाळाच्या मेंदूत पेशींमधल्या सेकंदाला १० लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात, असा अंदाज आहे. त्यातल्या वापरात राहतील त्या पक्क्या होतात, उरलेल्या गळून पडतात. कोणत्या टिकणार, हे बऱ्याच अंशी या साद-प्रतिसादावर ठरतं.

प्रतिसाद थांबला तर काय होतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात पाहिलं. त्यांनी आईला दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून, आवाज काढून तिला बोलतं करू पाहतं. जमत नाही म्हटल्यावर नजर वळवतं आणि कोमेजतं. प्रयोग संपला की आई पुन्हा हसते. पण नैराश्याने ग्रासलेल्या, दिवसभर एकटीच राबणाऱ्या आईचा चेहरा दोन मिनिटांत कसा खुलेल? तिथे दोष आईला देऊन काहीच साधत नाही. तिला माणसांची सोबत हवी असते.

ही सोबत कशी पुरवावी, याचं उत्तम उदाहरण जमैकातलं आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७मध्ये बालविकासाच्या संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली, वय ९ ते २४ महिने. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर बाळाशी खेळायचं कसं ते दाखवायला जात, काहींना दोन्ही मिळालं आणि काहींना यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. सेविका उच्चशिक्षित नव्हत्या, आणि खेळणी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली होती. तीच मुलं २२ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर घरभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. १२९ हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण एवढ्या काळ पाठपुरावा झालेले अभ्यास फार थोडे आहेत.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती भेटीची रीत. सेविका बाळाशी स्वतः खेळून निघून जात नसे. ती एकदा करून दाखवी आणि मग खेळणं आईच्या हातात देई. आईचं काही छान जमलं की तसं मोकळेपणाने सांगे. खेळणी घरातच ठेवून जाई, पुढच्या वेळी ती बदलून नवी आणी. हिशेब साधा आहे: आठवड्याचे तास १६८, त्यातला सेविकेचा एक. बाळ वाढतं ते उरलेल्या १६७ तासांत.

आईच्या मनाकडेही असंच बघता येतं. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना समुपदेशनाची सोपी तंत्रं शिकवली. गरोदरपणी नैराश्य असलेल्या बायकांपैकी, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, अशी मदत मिळालेल्यांत २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत हेच प्रमाण ५३ टक्के होतं. २००८मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोलणं बाळाच्या तब्येतीपासून सुरू होई, त्यामुळे घरातली इतर माणसंही सामील होत.

कोलंबियाचा अनुभव मात्र जपून वाचावा लागतो. तिथे ९६ नगरपालिकांच्या हद्दीत जमैकाच्याच धर्तीवर, वस्तीतल्याच बायका घरोघरी जात. दीड वर्षानंतर मुलांच्या आकलनात फरक दिसला, पण भेटी थांबल्यावर दोन वर्षांनी तो दिसेनासा झाला. अठरा महिने साथ द्यायची आणि मग ते घर सोडून द्यायचं, हे पुरेसं नसावं.